इंजिनापाशी कोण उभं असतं?

लातूर, ५ एप्रिल १९८७

चि. मन्मथ यास गुरुपादअण्णाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू गेल्यापासून शेड निस्ती खायला उठते. लातूर जिल्हा झाला तेव्हा आपण पेढे वाटले, की आता सगळ्या कचेऱ्या दारापाशी. आणि माझ्या धाकट्या भावाची बदली मात्र नांदेडला! सरकारची अक्कल, दुसरं काय.

आता आपण दोघांनी शेडमध्ये बांधलेल्या विमानाचं ऐक. इंजिन हळू चालवलं की गुणी बाळ. पूर्ण जोर दिला, हवा आत कोंबणाऱ्या टर्बोनं शिट्टी घातली, की काळा धूर ओकतं आणि गळाठतं. बंद करून बघावं तर सगळं जागच्या जागी. प्लग पुसले, पेट्रोलची नळी फुंकली, कार्बुरेटर खोलून पुन्हा बसवला. त्या भंगारातल्या जपानी गाडीच्या इंजिनात पिस्टनसुद्धा नाही, निस्ते तिकोनी रोटर गरगरतात. बिघडायला आहे तरी काय त्यात? लई बेजार करायलंय.

औशाकडचं तळं पार आटलंय. पात्र तव्यासारखं सपाट. असं मैदान पुन्हा मिळायचं नाही, म्हणून तळ्यात पाणी यायच्या आत एकदा उडायचंच. लोक देवाला पाऊस मागतात आणि मी मनात म्हणतो, जरा थांब. तुझी वहिनी जिवंत असती तर तिनं मला जोड्यानं मारलं असतं.

पत्राची वाट बघतो. तुझा अण्णा.

नांदेड, ११ एप्रिल

ती. अण्णांच्या चरणी मन्मथचे शरणार्थ.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. अण्णा, हवाईदलात तुम्ही इंजिनं दुरुस्त केलीत, विमानं उडवली नाहीत. वैमानिकाच्या शेजारी बसलं म्हणजे उडवता येतं होय? जमिनीवर गळाठणारं इंजिन तळ्याकाठच्या चिंचेच्या वर गळाठलं तर मला तार येईल, एवढंच. बिघाड सापडेपर्यंत उडायचं नाही, माझ्या गळ्याची शपथ.

एक विचारतो. जोर देताना तुम्ही सीटवर असता. मग इंजिनापाशी कोण उभं असतं? पूर्वी मी असायचो. ते बिघडत असेल ते चालतानाच बिघडत असेल.

इथं कचेरीत मला पाण्याच्या टँकरच्या टेबलावर बसवलंय. लोहा, नायगावची माणसं सकाळपासून दारात उभी. रजा मागायला तोंड नाही. तब्येतीला जपा. तुमचा मन्मथ.

लातूर, १७ एप्रिल

चि. मन्मथ यास आशीर्वाद.

इंजिनापाशी कोण असणार? कोणी नाही. शेजारच्या माणिकप्पाला बोलावलं. तो म्हणाला, टँकर यायची वेळ झाली, घागरी सोडून कुठं येऊ. त्याचंही खरंच आहे. बाकीच्यांना वाटतं म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलं. कधी कधी दिवसभर कुणाशी बोलणं होत नाही, मग रेडिओवरच्या बाईलाच उलट उत्तरं देतो.

एका रविवारी येऊन जा रे. निस्तं उभं राहायचं आहे. अण्णा.

नांदेड, २३ एप्रिल

ती. अण्णांना शरणार्थ.

साहेबांनी रविवारसुद्धा काढून घेतलेत. मला स्वतःचीच चीड येते. तुमच्यापाशी उभं राहण्याइतकं साधं काम, आणि तेही मला होईना.

आता सांगतो तसं करा. शेपूट बाभळीला साखळीनं बांधा, चाकांपुढे धोंडे लावा. इंजिनाला जोर द्यायची दांडी दोरीनं ताणून ठेवा, इंजिन बंद करायच्या खटक्याला दुसरी दोरी बांधून तिचं टोक हातात धरा. पंख्यापासून लांब, बाजूला उभे राहा आणि बघा. घाई नको. शेवटी मी तिथं नाही, हे विसरू नका. मन्मथ.

लातूर, ३० एप्रिल

चि. मन्मथ यास अण्णाचे पोटभर आशीर्वाद.

सापडलं! तळ्यातली धूळ आत जाऊ नये म्हणून मी हवेच्या नळीच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधलं होतं, आपण पाणी गाळायला घागरीला बांधतो तसं. टर्बोनं जोर धरला की ते फडकं आत ओढलं जायचं आणि तोंडात बोळा बसायचा. इंजिन बंद केलं की पुन्हा बाहेर येऊन साळसूदपणे उभं. सीटवरून दिसणार कसं? मी एकटाच खो खो हसलो. फडक्याच्या आतून तारेची टोपली बसवली. आता पूर्ण जोरात धूर नाही की गळाठणं नाही.

आणि काल सकाळी उडालो रे. चिंचेच्या वरून गेलो, तळ्याला वळसा घातला. टेकताना दोनदा आपटलो, पण हातपाय शाबूत आहेत, रागावू नको.

इंजिन बंद केलं आणि सवयीनं तुला हाक मारली, बघितलंस का म्हणून. मोठ्यानं मारली. त्या काठाला शेळ्या चरत होत्या, त्यांनीही मान वर केली नाही. मग पंखाच्या सावलीत बसून रडलो. माणिकप्पाला सांगितलं, तर तो बरं बरं म्हणाला आणि घागर घेऊन गेला. तुला तरी खरं वाटेल ना?

इंजिन आता ठणठणीत आहे. तुला बोलवायला काही निमित्त उरलं नाही. तरी ये.

तुझाच,
गुरुपादअण्णा