आमच्या घरातून ओटी जाणार नाही

तीर्थरूप वहिनी,
साष्टांग नमस्कार.

दिवसभर दफ्तरात बसून दुसऱ्यांची पत्रं लिहितो. प्रत्येकाच्या शेवटी ‘क्षेम कळवीत जावे’. तुम्हाला काय लिहू? तुमचं क्षेम घालवण्यात माझाच हात होता. तरी लिहितो आहे, कारण आज सकाळी आळीतल्या आत्याबाई आपल्या दारात आल्या आणि मी त्यांच्यावर ओरडलो. सत्तरी उलटलेल्या बाईवर! सबंध पेठेत आजवर कोणाची छाती झाली नव्हती. मला त्याचा काडीचाही पश्चात्ताप नाही.

परवा मुठेला पाणी आलं होतं. ओंकारेश्वराच्या पायऱ्या चढलं आणि निमूट उतरलं. पूर ओसरला की आळीतल्या सवाष्णींनी घाटावर जाऊन नदीची ओटी भरायची, ही आपली रीत. यंदा पहिल्या ओटीचा मान म्हणे आपल्या घराचा. आत्याबाई उंबऱ्याशी उभ्या राहून म्हणाल्या, “उद्या तुझ्या बायकोला, सगुणेला पाठव रे. तिचा पाचवा महिना आहे, नदीचा आशीर्वाद मिळेल. गेल्या वर्षी तुमच्या घरानं नदीला एवढं दिलं, तिचा लोभच आहे तुमच्यावर.”

दिलं! ऐकलंत वहिनी? आपण तुमची ठकू दिली म्हणे. पाच वर्षांची पोर, जसं काही सुपातून वाण दिलं!

मी म्हणालो, “आत्याबाई, आमच्या घरातून ओटी जाणार नाही. आज नाही आणि पुढेही नाही.” त्या म्हणाल्या, “मग नदी पुन्हा आळीत शिरली तर पाप कुणाच्या माथी?” मी ओरडलो, “तुमच्या!” सगुणा आत भांडी घासत होती, तिच्या हातातलं पातेलं खाली पडलं. समोरच्या ओसरीवरचे तिघे पानं खायचे थांबले. पुण्यात दुसऱ्याचं भांडण फुकट मिळालं की कोण सोडतो?

हा राग मला वर्षभर उशिरा आला, हेच माझं दुःख आहे. गेल्या श्रावणात कुठे होता तो?

त्या दुपारी पाणी अंगणात आलं, तेव्हा सगुणा माहेरी होती आणि दादा उत्तरेच्या स्वारीवर. घरात आपण तिघंच. तुम्ही ठकूला माळ्यावर बसवलंत आणि तिला आधी बाहेर नेऊ म्हणालात. मी म्हणालो, “ती वर सुखरूप आहे. आधी देव काढा. देव बुडाले तर घर बुडालं.” दफ्तरात मोठा शहाणा म्हणवून घेणारा मी! पितळेचे पाच देव टोपलीत घालून तुमच्या डोक्यावर दिले, आळीच्या वळणापर्यंत तुम्हाला पोचवलं आणि म्हणालो, “तुम्ही मारुतीच्या पारावर चला, ठकूला मी आणतो.” तुम्ही माझ्यावर विश्वास टाकलात. का टाकलात हो?

देव वाचले. पाचही. आजही त्यांची रोज पूजा होते आणि रोज मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, म्हणजे मी सांगितलं तेवढंच माहीत आहे. भिंत कोसळली, मी पोचायच्या आत. पोर सापडली नाही, संगमापर्यंत माणसं पाठवली तरी. त्यानंतर तुम्ही मला रोज एकच विचारायचात. चूल पेटवताना, पाणी भरताना, मी दफ्तराला निघालो की दारात. “भावोजी, ती हाक मारत होती का हो?” आणि मी रोज म्हणायचो, “नाही वहिनी. झोप लागली असेल तिला. झोपेतच गेली.” पुढेपुढे मला तुमचा कंटाळा येऊ लागला. खरं सांगतो, कंटाळा! एकदा मी म्हणालो, “झालं गेलं गंगेला मिळालं, आता पुरे.” पुरात पोर गेलेल्या आईला मी हे म्हणालो. जीभ झडली कशी नाही माझी?

आळी तर माझ्याही वरची. कोणी म्हणे, “पोरगीच ना, देव मुलगा देईल.” कोणी म्हणे, पाण्यातल्या आसरांनी झपाटलंय, म्हणून ही तेच तेच बोलते. मांत्रिक आणून तुम्हाला मिरच्यांची धुरी दिली. तुम्ही खोकून खोकून म्हणत होतात, “मला काही झालेलं नाही, मला फक्त विचारायचंय.” आणि दार कोणी धरलं होतं? मी.

मग पंधराव्या दिवशी ओटी. तुम्ही नाही म्हणालात. आयुष्यात पहिल्यांदा कशाला तरी नाही म्हणालात! आळीनं आपलं पाणी बंद करायची भाषा केली आणि मी तुमच्यापुढे हात जोडले. “एक खण, एक नारळ. मिटवून टाका. आळीत राहायचंय आपल्याला.” तुम्ही उठलात. घाटावर हळदकुंकू वाहिलंत, तांदूळ सोडले, नारळ सोडला, हिरवा खण सोडला. मग माझ्याकडे वळून अगदी शांतपणे विचारलंत, “आणि हिला आणखी काय द्यायचं, भावोजी?”

तो तुमचा शेवटचा प्रश्न. त्यानंतर तुम्ही काहीच विचारलं नाहीत आणि आम्ही सगळे खूश! “सावरली हो, ओटीचा गुण आला.” तुम्ही जेवण टाकलंत, तर त्याला उपास समजलो. पौषात ताप आला आणि तीन दिवसांत गेलात. बायका म्हणाल्या, भाग्यवान, सवाष्ण गेली. तुम्हाला हिरवं लुगडं नेसवून तुमचीही ओटी भरली त्यांनी, आणि रांगेनं पाया पडल्या. जिवंतपणी जिचं एक वाक्य ऐकून घेतलं नाही, तिच्या पाया!

माझा राग तुमच्यावरही आहे. तुम्ही मला एक शिवी का दिली नाहीत? माझ्या तोंडावर टोपली का फेकली नाहीत? तुमच्या सोसण्यानं माझं किती सोपं करून ठेवलंत!

आता आजचं सांगतो. माझा आवाज सगळ्या आळीनं ऐकला होताच. दुपारी मागच्या दारानं चंद्रा कासारीण आली. तिचा नवरा त्याच पुरात गेला, आठवतं ना? विधवा म्हणून तिला घाटावर उभी राहू देत नाहीत, पण नदीला वाहायच्या हिरव्या बांगड्या मात्र तिच्याचकडून नेतात. ती दाराशी बसली आणि म्हणाली, “तुमच्या वहिनींना झोप लागत होती का वं? मला लागतच न्हाई.” माझ्या तोंडात तेच आलं होतं, झालं गेलं... मी ते गिळलं. म्हणालो, “सांग, काय झालं होतं त्या दिवशी?” वर्षभरात कोणी विचारलं नव्हतं तिला. मग बोलत सुटली. एकच गोष्ट चार वेळा सांगितली. सगुणा पीठ मळायचं सोडून बाहेर येऊन बसली. आम्ही चारही वेळा ऐकली. जाताना म्हणाली, उद्या परटीण वैनीला घेऊन येते, तिचं लेकरू गेलं होतं. मी म्हणालो, ये.

उद्या सगळ्या घाटावर जातील तेव्हा आपल्या ओसरीवर या दोघी असतील. आळी वाळीत टाकील. टाकू दे. सगुणा म्हणते, पाणी लांबून आणू.

आणि वहिनी, एक वचन देतो. दादाचं पत्र आलं आहे, दसऱ्याच्या आत पोचतो म्हणून. विचारतो, ठकू शेवटी कशी होती. आळीत ठरलं आहे, त्याला सांगायचं की झोपेतच गेली. मी तसं सांगणार नाही. तुमच्यापासून लपवलं ते त्याला सांगणार आहे, आणि आधी तुम्हाला सांगतो. ती झोपली नव्हती. ती हाक मारत होती, “काका! काका!” मला ऐकू येत होतं. पाणी माझ्या छातीपर्यंत होतं आणि मी त्याच वळणावर दुसऱ्याच्या भिंतीला धरून उभा राहिलो, आपल्या घराची भिंत पडेपर्यंत. भ्यालो मी, वहिनी.

दादा माझा गळा धरील, धरू दे. पुन्हा पुन्हा विचारील, दरवेळी सांगेन.

तुमचा अपराधी,
भावोजी