परत रंगूनला

सांगली, ६ एप्रिल १९४६
शेवटचा पेपर संपला. बी. ए.चं जोखड उतरलं एकदाचं. कसा गेला ते कृपा करून कुणी विचारू नये. खोलीवर नेमगोंडा उसाचा रस घेऊन वाट बघत बसलेला. म्हणाला, "आता तू साहेब हुणार गड्या, आमच्या हळदीच्या पेढीवर कशाला येतोस!" त्याच्या वडिलांनी कारकुनी देऊ केलीय. फार चांगली माणसं. पण मी रंगूनला जाणार. बाबांच्या तिथल्या भातगिरणीचे शेठ परत तिकडं पोचलेत, जुन्या माणसांच्या पोरांना बोलावतायत. नेमगोंडाला बोललो नाही. आधी आई.

कडेगाव, ११ एप्रिल
सांगितलं. भाकरी थापत होती, हात थांबला नाही. "कशाला?"
कशाला म्हणजे? पाच वर्षांचा होतो तेव्हा बाबा आम्हाला तिकडं घेऊन गेले. शाळा तिथली, घर तिथलं. इथं मी पाहुणाच आहे अजून. बाँब पडायला लागले तेव्हा बाबांनी आम्हा दोघांना बोटीत चढवलं आणि "गिरणीला कुलूप घालून मागच्या बोटीनं येतो" म्हणाले. मुकादम ना! गिरणी जशी काही त्यांच्या वाडवडिलांची. ती मागची बोट अजून यायचीय.
गावात कुणी "वैनी, मालकांचं काय कळलं का?" म्हटलं, की आई बर्मी बोलते. "मतिबू." म्हणजे ठाऊक नाही. विचारणारा निघून जातो. पुढं काही विचारायला गेलो तर आज मलाही तेच.

४ मे
तात्याच्या सोनीचं लग्न. बाबांच्या पाठच्या भावाची पोर, आई तिच्यासाठी महिनाभर राबतेय. पापड, शेवया, रुखवत, सगळं.
सकाळी घाणा भरायचा. सवाष्णींनी मिळून जात्यावर हळद दळायची. आईनं खुंट्याला हात लावला तोच काकूची आई, पाटणची म्हातारी, म्हणाली, "तुमी ऱ्हाऊ द्या बाई. मंगल कार्य हाय, उगं शंकेला जागा कशाला?"
आईच्या कपाळावर एवढं ठसठशीत कुंकू. आईनं हात काढला, आत गेली आणि पुरण वाटत बसली. बाकीच्या बायका ओव्या म्हणायला लागल्या. थोबाडीत मारावी असं वाटलं एकेकीच्या.

५ मे
तात्याशी कडाक्याचं भांडण.
"माझ्यावर कशाला वरडतूस? माझा भाऊ न्हवं का त्यो? धा जणींची तोंडं मी कशी धरू? तू जा रंगूनला. कायतरी एक खबर आण. हाय तर हाय, न्हाई तर न्हाई. वैनीला आसं लोंबकळत किती दीस ठेवायचं रं?"
बोलता बोलता रडायलाच लागला. खरं बोलला, याचाच जास्त राग आला मला.
आईनं परसातून सगळं ऐकलं होतं. "तू जाऊ नगंस," म्हणाली.
"का पण?"
"गेलास तर कायतरी घिऊनच येशील. त्यापरीस हाय ह्ये बरं हाय."

१४ जून
वटपौर्णिमा. गावच्या बायका सकाळीच वडाला जाऊन आल्या. आई दुपारी गेली, सगळ्या परतल्यावर. मी लांबून बघत होतो. एकटीच दोरा गुंडाळत फिरत होती. वाण द्यायला कुणी नव्हतं, आंबे तसेच परत आणले. संध्याकाळी मी ते खाल्ले. गोड होते.

सांगली, २१ जून
पास. दुसरा वर्ग. नेमगोंडानं पेढे आणले, मिठी मारून उचललंच मला.
मोटारीच्या थांब्यावर ज्ञानू हवालदार भेटला. आमच्या शेजारच्या गावचा, रजेवर आलाय. पलटणीबरोबर रंगूनला होता. मीच खोदून खोदून विचारलं. कुठून अवदसा आठवली!
गिरणी जळाली होती म्हणे, आता परत उभी करतायत. गल्लीतल्या न्हाव्याला बाबा आठवत होते. शिट्टीवाला मुकादम. बोटी बंद झाल्यावर लोकांबरोबर चालत निघाले, डोंगराच्या वाटेनं. अंगात ताप होता. त्याच जथ्यातले काही परत फिरले, त्यांत ते नव्हते.
"आणि पुढं?"
"त्या वाटंनं आमी बी आलो गड्या. काय काय बघितलं... नगं इचारूस."
मग उगाच हसून म्हणाला, "पास झालास न्हवं? पेढा दे की." दिला. त्यानं तो न खाता खिशात घातला.

२३ जून
संपलं सगळं. कुणाला शोधायला जाऊ आता? नेमगोंडा म्हणतो, मग ऱ्हा की हितंच. पण इथं राहून रोज त्या कपाळाकडं बघायचं आणि तोंड मिटून जेवायचं? मला नाही जमणार. तिथं निदान ती वाट तरी. तो न्हावी तरी.
आईला काय सांगू? काही नाही. तात्यालाही नाही.

कडेगाव, ९ जुलै
परवाना आला. बोट कलकत्त्याहून. तात्यानं स्वतःची, पलटणीत असतानाची ट्रंक दिली, वर माझं नाव रंगवून. आई दशम्या करत होती. मी जवळ जाऊन बसलो.
"पत्र तात्याच वाचून दावनार," म्हणाली. "आनी समदी आळी ऐकनार. त्ये गावले तर गावले म्हनून लिव्ह. न्हाई गावले तर मतिबू लिव्ह. त्यास्नी कुनाला कळायचं न्हाई."
"आणि कळलंच काही, तर?"
तव्यावरची दशमी उलटली. "ज्ञानू हवालदाराची बायकू भेटली व्हती मला. बाजारात. कवाच."
तिनं पदरानं कपाळाचा घाम पुसला, कुंकवाच्या कडेकडेनं, जपून.
"तरी बी मतिबूच लिव्ह. मी हाय तवर."
हो म्हणालोय. उद्या ताकारीहून गाडी. मला ते जमेल का, ठाऊक नाही.