पटावरची एक जून

मूल, २२ नोव्हेंबर

प्रिय सुलताना,

पत्र पाहून तू आधी हसशील. फोन हाताशी असताना या बाईला हे काय सुचलं, म्हणशील. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि यावेळी मला सगळं सांगून संपवायचं आहे. तुझ्या अनसची धाकटी आता चालायला लागली असेल. इकडे धानकापणी उरकत आली आहे, राइस मिलचा भुसा दारापर्यंत उडतो आणि माझा खोकला हटत नाही. बाकी ठीक.

मंगळवारी गडचिरोलीला कोर्टात जाऊन आले. कशासाठी ते तुला माहीत आहे. भामरागडकडच्या आपल्या जुन्या गावातल्या सुकरीची थोरली मुलगी. नाव लिहीत नाही. अशा खटल्यात मुलीचं नाव कुठे येऊ द्यायचं नसतं, आणि तू तर तिला नाव पडायच्या आधीपासून ओळखतेस. गेल्या वर्षी जुलैत, धानाची रोवणी चालू असताना, गावातल्या किराणा दुकानदारानं तिच्यावर जबरदस्ती केली. नाल्याला पूर होता, म्हणून पोलिसांपर्यंत पोचायला सहा दिवस लागले. त्याचा वकील म्हणतो, गोष्ट रचायला सहा दिवस पुष्कळ झाले. त्या वकिलाला एकदा जुलैत भामरागडला नेऊन सोडायला हवं.

बाहेरच्या बाकावर सुकरीनं मला मुलींच्या साक्षींचं सगळं सांगितलं. थोरलीला तारीख सांगता आली नाही. ती म्हणाली, आमच्या बांधीतली रोवणी सरली त्याच दिवशी. वकील तारीख तारीख करत राहिला, पण जजबाईंनी तिचं बोलणं तसंच्या तसं लिहून घेतलं. मग धाकटी, आठ वर्षांची. त्या माणसानं बहिणीला ओढत नेलेलं हिनं पाहिलं होतं. साक्षीआधी जजबाईंनी तिला खाली बसून शाळेचं, बकऱ्यांचं विचारलं. खरं-खोटं कळतं का, हे असं बघतात म्हणे. खोटं बोललं तर काय होतं, असं विचारल्यावर पोरगी म्हणाली, "मंग ते पुसाले लागते. चुकलं गणित पुसतो ना, तसं." हे तिला शिकवणारी मी नाही, माझ्यानंतरची कोणी. मला फार लाज वाटली, सुलताना.

कारण दोन्ही पोरींची साक्ष चांगली झाली आणि खटला येऊन अडला तो माझ्या अक्षरावर. वय ठरवायला कोर्ट आधी शाळेची नोंद बघतं. दाखल-खारीज रजिस्टरात थोरलीची जन्मतारीख आहे एक जून दोन हजार सहा. म्हणजे त्या दिवशी ती अठरा वर्षं एक महिन्याची. अठरा झाली की ती सज्ञान, तिची राजीखुशी होती म्हणायला वकील मोकळा, आणि बालकांच्या कायद्याचं सगळं संरक्षण गेलं. ग्रामपंचायतीत जन्माची नोंदच नाही. हाडांचा एक्स-रे काढायचा तर त्यात वर्ष-दोन वर्षांचा फरक निघतो, तेवढ्यात तो माणूस निसटेल.

तुला आठवतं, माझ्या वर्गातल्या अर्ध्या पोरांचा वाढदिवस एक जूनलाच असायचा? कोणाच्या आईला तारीख ठाऊक नसायची, आम्ही मास्तर लोक एक जून टाकून मोकळे. पण या पोरीचं तसं नव्हतं. तिची तारीख मला ठाऊक होती. त्या वर्षी पटावर एकोणीस मुलं होती आणि वीस नसली तर शाळा बंद, असा धाक होता. ही दुसऱ्या पोरांमागे रोज येऊन बसायची, पाचाचीही झाली नव्हती. मी तिला सहाची केली. तू नर्सबाई, लसीचा डबा घेऊन वर्गात आलीस, पट पाहिलास आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "संघे, ही पोट्टी माह्या हातानं झाली. पाचाची नाई, तू सहाची कशी लिवली?" मी हसून म्हटलं, शाळा वाचते ना. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी नाला ओलांडायला डोंग्यात बसताना माझा हात धरलास आणि विषय संपला. विषय संपला असं मला वाटलं.

नऊ डिसेंबरला माझी साक्ष आहे. मी ठरवलंय. वय वाढवायला तारीख मी मनानं लिहिली, पालकांनी सांगितली नव्हती, असं सरळ सांगणार. पेन्शन थांबेल, कदाचित माझ्यावरच गुन्हा लागेल. नागसेन म्हणतो, आई, पालकांनी सांगितली म्हणून मोकळी हो. मुलगा आहे, त्याला माझी काळजी. मी त्याला जेवायला वाढलं आणि नाही म्हटलं.

पण सरकारी वकिलांनी मला एकच प्रश्न विचारला. बाई, तेव्हा खोटं लिहिलं म्हणता, मग आता खरं बोलता हे कोर्टानं कशावरून मानावं? त्याचं उत्तर तुझ्या पेटीत आहे. दोन हजार सातच्या ऑगस्टमधला पूर, सुकरीच्या खोलीत जन्मलेली ही पोरगी, आणि तू केलेल्या प्रत्येक बाळंतपणाची तारीख लिहिलेली तुझी वही. पोलिसांना तू सांगितलंस, वही हरवली, काही आठवत नाही. कोणाचं बाळ पायाळू होतं, कोणती बाई ओरडली नाही, हे आजही सांगणारी तू, तुला आठवत नाही? मला वाचवायला बोललीस, मला कळतं. तू माझ्यासाठी पहिल्यांदाच खोटं बोललीस, आणि ते त्या पोरीच्या मुळावर आलंय. नऊ तारखेला वही घेऊन ये. तिथे विचारतील, मुलीचं वय कोणी वाढवलं. मी समोरच असेन. माझ्याकडे बघ आणि माझं नाव घे, पूर्ण नाव, मोठ्यानं.

तुझीच,
संघप्रिया