विहिरीकडचा सातू

पौष, मंगळवार, संध्याकाळ. आभाळ अजून ढगाळच.

सातूवर भुरी आलीय. गंधक फवारल्यावर बाकीचं रान सावरलं, पण विहिरीकडचा पट्टा बुडापासून पांढरा पडलाय. पान चोळलं की पिठासारखी भुरी बोटाला लागते. तो पट्टा कापला नाही तर सगळीकडं पसरंल. पण सासऱ्यांनी अर्धांगवायूचा झटका यायच्या आधी तो स्वतःच्या हातानं पेरलेला. त्यांना कसं सांगायचं, हेच दिवसभर डोक्यात.

शेवटी सांगितलंच. "मामा, विहिरीकडचा सातू कापावा लागंल."

"मला ने तिथं," ते म्हणाले.

ह्यांनी त्यांना आधार देऊन नेलं. मामांनी धडधाकट हातानं एक पान चोळलं आणि बोटावरची भुरी बघत राहिले. मग जड जिभेनं म्हणाले, "म्या लई दाट पेरलं. वाऱ्याला जागाच न्हाय ठिवली. काप."

त्यांच्यासमोर विळा चालवायचा म्हणजे... हात उचलवत नव्हता. माझं चुकतंय का? पण ते बांधावरून हलले नाहीत, तशी मी कापायला लागले. पट्टा मोकळा झाल्यावर म्हणाले, "पुढच्या साली पातळ पेर."

"तुम्हीच पेरा की, मामा."

"न्हाय," ते म्हणाले, "आता तू."