धुपाटणं कोणाच्या हाती

इन्सब्रुक, २७ डिसेंबर १९६१

ती. नोटबुर्गाताईस शि. सा. न.

नाताळ पार पडला. येत्या पाच तारखेला, तीन राजांच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, घरात धूप फिरवायला मी येतोय. धुपाटणं मुलाने धरायचं, मागून बाकीच्यांनी जपमाळ म्हणत चालायचं, हा आपल्या घरचा रिवाज तुला वेगळा सांगायला नको.

नऊ वर्षं मी फिरकलो नाही, कबूल. पण परवा गावचा दूधवाला भेटला. तो म्हणाला, की बाबा सगळ्यांना सांगतात, कोर्बिनियान दरवर्षी धुपाला येतो आणि रात्रीच्या गाडीने परततो. आंधळ्या माणसाला काय पढवून ठेवलंयस? घर गिळायचा बेत असेल तर मीही तुझाच भाऊ आहे.

लोभ किती ठेवायचा ते तू ठरव.
कोर्बिनियान

ओबरहोफ, ३० डिसेंबर

चि. कोर्बिनियानास अ. आ. (रीत म्हणून लिहिले, मनात नाहीत.)

तू गेलास त्या वर्षी धुपाटणं मी उचललं. बाबा म्हणाले, की बाईच्या हातचा धूप वास्तूला लागत नाही, आणि तडक जाऊन झोपले. त्या वर्षी गोठ्यातल्या दोन गाई दगावल्या. तो दोष माझ्या माथी आला.

पुढच्या वर्षी मी तुझे तळाला खिळे ठोकलेले बूट चढवले, पुढे चिंध्या कोंबल्या आणि तोंड मिटून सगळ्या खोल्यांतून, गोठ्यातून धूर फिरवला. बाबांनी समाधानाने क्रूसाची खूण केली. तेव्हापासून दरवर्षी तेच. तुझ्या नावाचा मान मी माझ्या पायांनी राखला, आणि तू मला गिळणारी म्हणतोस. लाज नाही वाटली?

आता तू ये. मी मावशीकडे हॉल गावी चालले. गडीमाणसं जपमाळ म्हणतील. सख्खा मुलगा आला, म्हणजे बाबांना माझी गरज उरणार नाही.

उत्तराची वाट पाहत नाही.
नोटबुर्गा

ओबरहोफ, ६ जानेवारी १९६२, सकाळ

ती. ताईस सा. न.

टपाल आज बंद, म्हणून दूधवाल्याच्या हाती पाठवतोय. मी अजून तुझ्यावर चिडलेलाच आहे, आणि कालपासून जास्तच.

दोन खोल्या झाल्या आणि बाबांनी काठी आडवी घालून मला थांबवलं. हा कोण, असं विचारलं. मी नाव सांगितलं. ते म्हणाले, की ठीक आहे, धुपाटणं खाली ठेव, पोरीला बोलाव. गड्यांसमोर माझं तोंड एवढंसं झालं. मीही मग सोडलं नाही. इतकी वर्षं सगळ्यांना माझं नाव का सांगत होता, असं विचारलं.

ते म्हणाले, की पाऊल कुणाचं ते पहिल्याच वर्षी कळलं होतं. पण कळलं असं म्हटलं असतं, तर तिला थांबवावं लागलं असतं.

बाकीचं घर तसंच आहे, गोठाही. संध्याकाळच्या आत ये. मी मागून चालेन.

कोर्बिनियान