एक रत्नागिरीकर यांजकडून

अप्पा, आज वाचनालयात जाऊन आलो. तुमच्या वेळचं तिथं आता जांभ्याच्या दोन भिंती आणि ते शिसवी कपाट एवढंच उरलं आहे. कपाटाला वेखंडाचा वास मात्र तसाच आहे. टेबलावरच्या मुलीला म्हटलं, पुस्तकांच्या जुन्या नोंदवह्या पाहायच्या आहेत. ती म्हणाली, "आजोबा, त्या कुणी बघत नाही हो. कसरीनं खाल्ल्यात. कशाला हव्यात?" तिला सांगितलं की आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे, पुण्याहून छापील तक्ता आला आहे, आणि घरात सगळ्यांत म्हातारा मी, तेव्हा भरायचाही मीच. तिनं वही झटकून पुढ्यात ठेवली. पहिल्याच पानावर तुमचं अक्षर. तुम्हाला जाऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली, पण ते अक्षर अजून माझ्याकडे बघून कपाळाला आठी घालतं.

पहिला कुलवृत्तांत निघाला तेव्हा मी बाविशीचा होतो, प्राथमिक शाळेत नुकता लागलेला मास्तर. तुम्ही कोर्टातली कारकुनी संपवली होती; वाचनालयाचे मानद चिटणीस तर फार आधीपासूनच होतात. आपल्या आडनावाच्या घरांचे तक्ते जमवायचं काम पुण्याच्या मंडळींनी तुमच्यावर सोपवलं. राजापूर, चिपळूण, पूर्णगड, कुठकुठून तक्ते वाचनालयाच्या पत्त्यावर यायचे. कोण कधी जन्मला, कुणाची कोण बायको, किती मुलं, कोण कुठं गेला. ते तुम्ही तपासायचे आणि मी वळणदार अक्षरात उतरवायचे. रविवारी सकाळी आपण दोघंच असायचो. कौलातल्या काचेतून उन्हाचा एक चौकोन टेबलावर पडायचा आणि बारा वाजेपर्यंत सरकत सरकत तुमच्या दौतीपाशी यायचा. त्या रविवारांसारखं सुख मला पुढे फारसं मिळालं नाही, आणि हे तुम्हालाच सांगावं लागतंय याचाच राग येतो.

खरं तर त्या कपाटावर माझं प्रेम त्याही आधीचं. इंग्रजी शाळेत होतो तेव्हापासून दर दिवाळीच्या आधी कराचीहून बोटीच्या टपालानं एक पार्सल यायचं. जाड दोऱ्यानं बांधलेलं, आत कवितेची पुस्तकं. आत चिठ्ठी असे, त्यावर सही नसे. पहिल्या पानावर तुम्ही लाल शाईनं लिहायचात, 'एक रत्नागिरीकर यांजकडून सप्रेम भेट'. वर्गात कविता मिळायची ती पाठ करून म्हणून दाखवण्यापुरती. हे पार्सल मात्र माझं एकट्याचं. पऱ्ह्याच्या वाहत्या पाण्याकडेनं शाळेत जाताना भुजंगप्रयात पावलांत बसायचा, आणि घाटीवर श्वास लागला की शार्दूलविक्रीडित. तो कराचीचा माणूस कोण, असं मी एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "असेल कुणी परोपकारी. तू वाच, कविराज. वाचायला काय जातंय." मी मनातल्या मनात त्या माणसाला पागोटं घातलं, समुद्राकाठी घर दिलं, आणि कितीतरी कविता त्याला म्हणून दाखवल्या.

तुमचे थोरले भाऊ आठव्या वर्षी पटकीनं गेले, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. कुलवृत्तांतासाठी आजोबांची काही माहिती मिळते का म्हणून मी जुन्या साप्ताहिकांचे बांधीव गठ्ठे चाळत होतो, तर एका अंकात मॅट्रिक पास झालेल्यांची यादी सापडली. रत्नागिरीच्या मुलांत तुमच्या त्या भावाचं नाव, आजोबांच्या नावासकट, आडनावासकट. आठव्या वर्षी गेलेला मुलगा मॅट्रिक झाला होता. गठ्ठा उचलून तसाच तुमच्यापुढे आणला. तुम्ही चष्मा न लावताच पाहिलंत.

"एका नावाचे दहा असतात," तुम्ही म्हणालात.

"बापाचं नावही तेच?"

"तुला तक्ते उतरवायला बसवलंय. वकिली करायला नाही."

त्यानंतर महिना झाला असेल. रविवारच्या टपालात एक तक्ता आला. पाकिटावर कराचीचा शिक्का, आणि ज्या अक्षराच्या पार्सलांची मी वर्षानुवर्षं वाट पाहिली तेच अक्षर. तुम्ही अजून आला नव्हतात. मी उभ्या उभ्या वाचला. नाव, तुमच्या भावाचं. जन्मगाव रत्नागिरी. धंदा, मराठी शाळेत शिक्षक. पत्नी, आणि तिच्या नावापुढे कुणी न विचारता लिहिलेलं, 'पुनर्विवाहित'. दोन मुलगे, एक मुलगी. खाली एवढंच, 'ती. वडिलांनी माझे श्राद्ध जिवंतपणी घातले त्यास पुष्कळ वर्षे झाली. आता ग्रंथात तरी जागा असावी.' मी तो दोनदा वाचला. पाठांतरात माझा हात धरणारा वर्गात कुणी नव्हता. घरी येईपर्यंत काकूंचं नाव आणि तिन्ही मुलांची नावं मी भुजंगप्रयाताच्या एका ओळीत बसवून टाकली होती. काकू आणि दोघे मुलगे, या तिघांची ओढूनताणून बसवावी लागली. धाकटीचं न ओढता बसलं.

तक्ता घरी नेला ती माझी चूक. वाचनालयातच रजिस्टरला लावला असता तर निदान कागद राहिला असता. पण मला वाटलं, तुम्ही वाचाल. त्याच वर्षी वसंत व्याख्यानमालेत पुनर्विवाहावर बोलायला पाहुणे आले होते आणि अध्यक्ष तुम्ही होतात. समाज बदलला पाहिजे, असं तुम्ही घसा खाकरून म्हणालात आणि सगळ्यांत आधी टाळी मी वाजवली होती. आई स्वयंपाकघरात फणसाच्या आठळ्या भाजत होती. तुम्ही पाटावर बसून तक्ता शेवटपर्यंत वाचलात. मग घडी घातलीत, पुन्हा उलगडलीत, पुन्हा घातलीत, आणि चुलीत सारलीत.

"कसला कागद होता?" आईनं विचारलं.

"रद्दी. वाचनालयाची." मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "थोरल्याच्या रकान्यात लिही, बालपणी मृत."

मी म्हटलं, "निदान रिकामा ठेवू या, अप्पा."

"रिकामा ठेवायचा नसतो. रिकाम्या रकान्याला लोक प्रश्न विचारतात. लिहिलेल्याला कुणी विचारत नाही."

तुम्ही परसात गेल्यावर आईनं निखारे सारखे केले. म्हणाली, "भावजींना मुलं किती?" तिला सगळं ठाऊक होतं, अप्पा. लग्न होऊन घरात आल्यापासून ठाऊक होतं. मी म्हटलं तीन. "नावं काय ठेवलीत?" मी ती ओळ चालीवर म्हणून दाखवली. तिनं धाकटीचं नाव एकदा स्वतःशी म्हटलं, "चांगलं आहे हो," म्हणाली, आणि आठळ्यांची सालं गोळा करू लागली.

पुढच्या रविवारी मी लिहिलं. बालपणी मृत. तुम्ही माझा हात धरला नव्हतात, मागे उभे होतात एवढंच. अक्षर इतकं सुरेख आलं की पुण्याच्या मंडळींनी मुद्दाम कौतुकाचं कार्ड पाठवलं. तुम्ही ते चारचौघांत वाचून दाखवलंत. मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

ग्रंथ छापून आला. त्या वर्षी दिवाळीच्या आधी पार्सल आलं तेव्हा मी नेहमीच्या आनंदानं दोरा सोडला. आत कविता नव्हती. कुलवृत्तांत होता, आपलाच. आपल्या घराण्याच्या पानावर कसलीही खूण नाही, रेघ नाही, काही नाही. चिठ्ठीत दोन वाक्यं. 'संग्रहास भेट. या खेपेस नोंदवहीत देणगीदाराचे नाव पूर्ण लिहावे.' आणि खाली सही, पहिल्यांदाच. ज्या ग्रंथात तो माणूस आठव्या वर्षी मेला होता तो ग्रंथ त्यानं स्वतः विकत घेऊन तुमच्या दारात पाठवला होता. मी चिठ्ठी तुमच्यापुढे ठेवली. उन्हाचा चौकोन दौतीपर्यंत आला. मला वाटलं, आता लाल शाईची लेखणी तुम्ही स्वतः उचलाल.

"नेहमीचंच लिही," म्हणालात.

मी नेहमीचंच लिहिलं. आज तेच पान पाहून आलो. 'एक रत्नागिरीकर यांजकडून.' त्याच्या खाली पुढच्या वर्षीच्या नोंदी आहेत, त्याच्या पुढच्याही, पण कराची नाही. पार्सल पुन्हा आलं नाही. मला पत्ता पाठ होता. एक कार्ड टाकलं असतं तर तुम्हाला कळलंही नसतं. मी मात्र शाळेत पोरांना कविता शिकवत राहिलो, आवाज चढवून, डोळे मिटून, आणि माझ्या तोंडी जे काही होतं ते कुणी पाठवलं हे एकाही वर्गाला सांगितलं नाही. मग तुम्ही गेलात. मग फाळणी झाली. मी त्या पत्त्यावर लिहिलं ते तेव्हा, आणि पाकीट तसंच परत आलं. त्या घरात तेव्हा कोण राहत होतं, काका-काकू होते की नव्हते, मुलं कुठं गेली, हे सांगणारं मला आजवर कुणी भेटलं नाही.

तर आता नवा तक्ता. पुण्याच्या एका तरुणानं लिहिलं आहे, पहिल्या आवृत्तीतल्या चुका ज्येष्ठांनी दुरुस्त कराव्यात. चुका म्हणे. 'बालपणी मृत' खोडून मी काकांचं सगळं लिहिलं. शिक्षक लिहिलं, कराची लिहिलं, काकूंचं नाव लिहिलं आणि पुढे काकांनी लिहिला होता तो शब्दही. थोरल्याचं नाव लिहिलं, मधल्याचं लिहिलं. आणि थांबलो. ओळ पुन्हा सुरुवातीपासून म्हटली. तिघं येतात, जी ओढूनताणून बसवली होती ती तिघंही. चौथ्या, धाकटीच्या जागी नुसतं लघु, गुरु, गुरु ऐकू येतं. सुशीला बसतं, यशोदा बसतं, अर्ध्या कोकणातल्या मुली तिथं बसतात. चार दिवस त्या जागेशी बसून राहिलो. आज वाचनालयात गेलो तो याच आशेनं, की ती चिठ्ठी तरी वहीत कुठं अडकली असेल, तिच्यात मुलांविषयी काही असेल, मीच विसरलो असेन. वहीत पिंपळाचं एक जाळीदार पान होतं. जगात हे नाव मी आणखी एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि आईला तर तुमच्याआधीच पोचवून आलो होतो.

तुमच्यावर रागावायला मला आयुष्य पुरलं. तुम्ही कागद जाळलात, ते मी सगळ्यांना सांगितलं, बायकोला, मुलांना, नातवाला. माझ्याजवळ सगळं पाठ आहे, असंही दर वेळी वर सांगितलं. नातू एकदा म्हणाला, "मग लिहून का नाही ठेवलंत, आजोबा?" मी त्याच्यावर खेकसलो. अगदी तुमच्या आवाजात.

वाचनालयातून घरी येताना वाटेत पोस्ट लागलं. तक्ता पिशवीत होताच. तिथल्या बाकावर बसून मी काकांच्या धाकट्या मुलीच्या रकान्यात 'सुशीला' लिहिलं आणि पाकीट पेटीत टाकलं. अक्षर अजून चांगलं येतं. रकाना रिकामा ठेवला नाही, अप्पा.