कवितेतला राजदीप

चि. स्नेहल,
सप्रेम जयभीम.

तू कवितेच्या कार्यक्रमाले भंडाऱ्याले गेली, अन् इकडं नागपूरच्या मासिकाच्या संपादकाचा फोन आला. म्हणे, "तुमच्या सुनेनं आमची नोकरी नाकारली. सासूबाई एकट्या पडतील म्हणतात."

माझा पोरगा राजदीप वारला तेव्हा सारं दरेकसा गाव म्हणे, ही आता माहेरी जाईल. तू राहिली. दिवसभर शाळेत शिकवलं, चुलीजवळ बसून कविता लिहिल्या. मागच्या साली गोंदियाच्या मंचावर तू त्याच्यावरची कविता म्हटली. मले कवितेतलं समजत नाही, पोरी. पण माझा राजदीप तिथं विहिरीवर आंघोळ करून राहिला होता, शिट्टी वाजवून राहिला होता. त्याची शिट्टी मी मायच विसरून गेली होती. बाजूच्या बाईनं विचारलं, "काऊन रडता?" मी म्हटलं, "माझी सून आहे ते."

माझ्यासाठी थांबाचं तू एकटीनंच कायले ठरवलं? विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, मीही येईन नागपूरले. आज बाजारातून घरासाठी मोठं कुलूप आणलं.

पत्र काही टाकत नाही. उद्या तू आली की कुलूपच दाखवीन.

तुझी सासू,
अन्नपूर्णा